कचरा शुल्काची नोटीस आलीय? पैसे भरण्याआधी कचरा तोलून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. किनाऱ्यावरच्या एका 'क' वर्ग नगरपरिषदेच्या हद्दीत ताईंची खानावळ आहे. सहा टेबलं, माडीवर पर्यटकांसाठी दोन खोल्या, कामाला घरचीच माणसं आणि एक मदतनीस बाई. मे महिन्यात नगरपरिषदेची नोटीस आली. 'उपाहारगृह व लॉजिंग' या वर्गात दरमहा ५०० रुपये घनकचरा उपयोगकर्ता शुल्क, मागच्या ३६ महिन्यांची थकबाकी १८,००० रुपये आणि वर व्याज. पलीकडच्या बावीस खोल्यांच्या लॉजलाही महिना ५०० च. ताई विचारतात, घरपट्टीत स्वच्छतेचा कर भरतोच आहोत, मग हे आणखी कशाला? भरावं, की बाजारपेठेतल्या सगळ्यांनी मिळून बहिष्कार घालावा? शिवाय त्यांच्या भाचीचं एसटी स्टँडजवळ शहाळ्यांचं दुकान आहे, तिलाही नोटीस येईल का?

ताई, मी एकतीस वर्षं कोकणातल्या नगरपरिषदांमध्ये स्वच्छता निरीक्षक होतो. अशा नोटिसा माझ्या सहीने गेलेल्या आहेत आणि निवृत्तीनंतर त्याच नोटिसांना उत्तरं लिहायला मी दुकानदारांना मदत करतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी जे पाहिलं ते सांगतो.

बहिष्कार नको. शुल्काला कायद्याचा आधार आहे. केंद्राने ८ एप्रिल २०१६ ला घनकचरा व्यवस्थापन नियम काढले, त्यांत कचरा निर्माण करणाऱ्या प्रत्येकाने स्थानिक संस्थेच्या उपविधीप्रमाणे, म्हणजे तिने स्वतः केलेल्या नियमांप्रमाणे, शुल्क द्यायचं असं स्पष्ट लिहिलं होतं. १ एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी २०२६ चे नियम आले. ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (रंगाचे डबे, बल्ब, औषधं) असे चार भाग आता करावे लागतात, पण शुल्काचं तत्त्व तेच राहिलं. 'शुल्कच बेकायदा' म्हणून उभे राहिलात तर पहिल्याच सुनावणीत तुमची बाजू पडेल आणि जी हरकत खरी आहे तीही त्याबरोबर वाहून जाईल. एका गावात हे झालेलं मी पाहिलं आहे. दीड वर्ष बाजारपेठेने एक पैसा भरला नाही, मग दुकानांचे परवाने आणि दाखले अडले आणि शेवटी सगळ्यांनी व्याजासकट मुकाट्याने भरलं. दरपत्रकातल्या चुका तशाच राहिल्या.

आता घरपट्टीच्या बिलातला कर. तुमच्या बिलावर 'विशेष स्वच्छता कर' असं सदर असेल. नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमात ते सदर मुळात खाजगी शौचकूप आणि आवार नगरपालिकेच्या माणसांकडून साफ करून घेण्यासाठीचं आहे. 'एकाच कामाचे दोनदा पैसे' हा मुद्दा म्हणून फारसा चालत नाही. पण कर आणि शुल्क यांतला फरक तुमच्या कामाचा आहे. उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली तो मांडला: कर सार्वजनिक खर्चासाठी घेतला जातो, त्याच्या बदल्यात अमुक सेवा मिळालीच पाहिजे असं नसतं, शुल्क मात्र सेवेपोटी असतं. रुपयाला रुपया जुळला पाहिजे असं न्यायालयं म्हणत नाहीत, ढोबळ संबंध तरी दिसायला हवा एवढंच म्हणतात. म्हणून 'शुल्क का लावलं' हा प्रश्न सोडा आणि 'कुठल्या सेवेचं, कधीपासूनचं, कुठल्या वर्गातलं' हे तीन प्रश्न धरा.

वर्गापासून सुरुवात करू, कारण चूक बहुधा तिथेच आहे. तुमच्या दारावरच्या पाटीवर 'घरगुती जेवण व राहण्याची सोय' असं लिहिलेलं असणार. निरीक्षक रस्त्यावरून पाटी वाचतो, रजिस्टरमध्ये 'लॉजिंग' लिहितो आणि पुढे जातो. मीही हे केलं आहे. एका पावसाळ्यात आम्ही दोघांनी चार दिवसांत सगळ्या बाजारपेठेची यादी पुरी केली, निम्मी दुकानं बंदच होती. त्या यादीवर नंतर कित्येक वर्षं मागणी बिलं निघाली. शिंप्याच्या दुकानाला आणि फळवाल्याला एकच दर लागला, कारण दोन्ही 'दुकान'. शिंप्याकडे आठवड्याला पिशवीभर चिंध्या निघतात. फळवाल्याकडे मेमध्ये रोज आंब्याच्या पेट्यांतला पेंढा, केळ्यांचे दांडे आणि दोन टोपल्या नासका माल. ही यादी चुकीची होती हे मला खूप उशिरा कळलं आणि त्याची खंत अजून जात नाही.

तुमच्याकडे सहा टेबलं आणि दोन खोल्या आहेत. मुख्याधिकाऱ्यांना अर्ज द्या, प्रत्यक्ष पाहणी मागा आणि 'उपाहारगृह' या वर्गात बदल मागा. तुमच्या गावच्या दरपत्रकात त्याचा दर काय आहे ते आधी बघा. पुढच्या हिशेबासाठी तो ३०० आहे असं धरतो.

कधीपासून, हा दुसरा प्रश्न. तुम्ही लिहिलंत की घंटागाडी तुमच्या आळीत यायला लागून चौदा महिने झाले, त्याआधी नाक्यावरच्या कुंडीत टाकत होतात. मग ३६ महिने कुठून आले? उपविधी कोणत्या तारखेपासून लागू झाले, दराचा ठराव कधी झाला, हे लेखी मागा. बऱ्याच नगरपरिषदांवर मधली काही वर्षं प्रशासक होता. ते ठराव एका सहीने झाले, सभागृहात कोणी हात वर केला नाही की हरकत घेतली नाही. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या, आता नगराध्यक्ष आणि नगरसेवक आहेत, त्यामुळे वर्गवारी पुन्हा सभेपुढे आणायला कोणीतरी माणूस आहे. ते म्हणतील, नाक्यावरची कुंडी आमचीच गाडी उचलत होती, म्हणजे सेवा होतीच. त्यात तथ्य आहे, मी नाकारणार नाही. पण कुंडीपर्यंत कचरा तुम्ही स्वतः नेत होतात, आणि २०१६ च्या नियमांनी व्यापारी जागांकडूनही दारावर येऊन कचरा घेणं हे स्थानिक संस्थेचं कर्तव्य ठरवलं होतं. दारावरच्या सेवेचा दर दारावर न आलेल्या महिन्यांना लावू नये, एवढं म्हणणं पुरे.

हिशेब मांडून बघा. ३६ महिन्यांचे १८,०००. गाडी आल्यापासूनचे १४ महिने धरले तर ७,०००. त्यात मागच्या पावसाळ्यात जून ते ऑगस्ट खानावळ पूर्ण बंद होती, ते तीन महिने वजा झाले तर ५,५००. आणि दर ३०० चा लागला तर ११ महिन्यांचे ३,३००. पावसाळ्याची सूट हा मात्र हक्क समजू नका, उपविधीत तरतूद असेल तरच ती मिळते. तरी मागा, आणि बंद महिन्यांची वीजबिलं जोडा. दुकान बंद होतं याचा त्याहून सरळ पुरावा नाही. व्याजाला तर उपविधीतलं कलम दाखवा म्हणावं.

आता तोलण्याविषयी. अर्जात काय लिहिता यापेक्षा अर्जासोबत काय जोडता यावर जास्त अवलंबून असतं, आणि तुमच्यासारख्या धंद्याला जोडायला सर्वांत चांगला कागद म्हणजे सात दिवसांच्या वजनांचा.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका खानावळीत मी हे करून घेतलं. मागच्या पडवीत खुंटीला मासळीवाल्यांचा असतो तसा स्प्रिंगचा काटा टांगला. पहिल्या दिवशी रात्री ओल्याची बादली लावली, काटा १४ किलोंवर गेला. मालकीणबाई घाबरल्याच, म्हणाल्या, एवढा कचरा आम्ही करतो? बादलीत हात घालून बघितलं तर वर बांगड्यांची डोकी, कोळंबीची सालं, खवल्यांचा चिकट थर, सोलांचा चोथा आणि खाली नुसतं पाणी. भाताची पेज, सोलकढीचे उरलेले घोट, ताटं विसळल्याचं पाणी, सगळं त्याच बादलीत. दुसऱ्या दिवशी बादलीवर जुनी भोकाची परात ठेवली, ताटातलं आधी त्यात, पाणी निथळलं की मग बादलीत. पेज गोठ्यात गेली. रात्री काटा ९ वर थांबला. पाच किलो पाणी आपण रोज घंटागाडीत भरत होतो आणि ती गाडी ते डोंगरावरच्या डेपोपर्यंत डिझेल जाळून नेत होती.

पुढचे दिवस माशाचं वेगळं काढलं. मागे आगर होतं, अकरा माड. माडाच्या आळ्यात खवलं-डोकी पुरणं आपल्या आजी-पणजीपासून चालत आलेलं आहे, फक्त वरवर पुरलं की कुत्री उकरतात. हात-दीड हात खोल, वर चुलीची राख, त्यावर माती, आणि रोज वेगळा माड. भाजीची देठं आणि भात गायरीत, म्हणजे खताच्या खड्ड्यात, वर पातेरा, म्हणजे वाळलेली पानं. सातव्या दिवशी गाडीला द्यायला राहिलं ते दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, टिश्यू, खोल्यांमधला कचरा: सव्वा किलो. पुठ्ठा, तेलाचे डबे, पाण्याच्या बाटल्या दर पंधरा दिवसांनी भंगारवाल्याला. करवंट्या तर कोकणात कोणी कचरा धरतच नाही, त्या चुलीत जातात.

वहीत सात ओळी झाल्या. रोज गाडीवरच्या कामगाराची सही घेतली. पाहणीला आलेल्या निरीक्षकाने वही उलटसुलट बघितली, काटा स्वतः धरून पाहिला आणि वर्ग बदलण्याची शिफारस तिथल्या तिथे लिहिली. त्याच्याकडे त्या खानावळीविषयी पाटीशिवाय दुसरी काही माहितीच नव्हती. वजन लिहिलेला कागद समोर आला की त्यालाही वरिष्ठांना दाखवायला आधार मिळतो.

आगर नसेल तर काम अवघड होतं, हे मान्य. जून ते सप्टेंबर तर आगर असूनही अवघड. खड्ड्यात पाणी भरलं की खत होत नाही, सडतं, आणि आपल्याकडे जांभा आहे, तो चाळणीसारखा. सडलेलं पाणी सरळ विहिरीत उतरतं. म्हणून पावसाळ्यात खड्डा नको, जमिनीच्या वर, पत्र्याच्या आडोशाला, भोकं पाडलेलं पिंप ठेवा. प्रत्येक थरावर भाताचा तूस किंवा मेमध्ये गोळा करून ठेवलेला सुका पातेरा. पातेरा मेमध्येच भरून ठेवावा लागतो, जुलैत तो मिळत नाही. रोजचा ओला दहा किलोंच्या वर जात असेल तर छोटा बायोगॅस विचारात घ्या. एक घनमीटर गॅस साधारण ०.४३ किलो एलपीजीइतकं काम करतो. झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने सिंधुदुर्गात गावोगाव शेणावरचे बायोगॅस उभे केलेत; तसा एखादा चालू संयंत्र आधी जाऊन बघा, मग ठरवा. जाहिरात बघून घेऊ नका. आणि काहीही झालं तरी पऱ्ह्यात (ओढ्यात) किंवा खाडीत टाकू नका. तिथे दंड होतो तो रास्तच होतो.

नगरपरिषदेची बाजूही सांगायला हवी, नाहीतर उत्तर अर्धवट राहील. कचऱ्यावरच्या खर्चातला मोठा वाटा उचलण्यात आणि वाहण्यात जातो: गाड्या, चालक, डिझेल, कामगारांचे पगार. कोकणातलं गाव लांबलचक, एक आळी खाडीकाठी तर दुसरी डोंगरावर, मधे चढ. दहा-पंधरा हजार वस्तीच्या गावाला मेमध्ये आणि दिवाळीत पाहुण्यांचा कचरा उचलावा लागतो, गणपतीत चाकरमानी येतात, पण पट्टी भरणारे तेवढेच. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणच्या बाजारपेठेत दुकानादुकानांसमोर भिजलेल्या मालाचे जे ढीग लागले होते ते ज्यांनी उचलले, त्या कामगारांचे हात मी पाहिलेत. पैसा लागतो, यात वाद नाही. वाद आहे तो एवढाच, की ठोक दरात सगळ्यांत कमी कचरा करणारा माणूस सगळ्यांत जास्त करणाऱ्याचा भार उचलतो. बावीस खोल्यांच्या लॉजला महिन्याचे ५०० एका खोलीच्या एका रात्रीतही वसूल होतात. तुमच्या जुलैच्या गल्ल्यात ५०० म्हणजे काय, ते तुम्हीच जाणता.

यातून वाट निघते हे वेंगुर्ल्याने दाखवलं. जेमतेम बारा हजारांचं गाव. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथे कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा होऊ लागला, ओल्यापासून बायोगॅस, प्लास्टिक बारीक करून रस्त्याच्या कामाला, आणि जुन्या डम्पिंगच्या जागेचं 'स्वच्छ भारत पर्यटनस्थळ' झालं. मी स्वतः तिथे दोनदा गेलो, दुर्गंधी शोधत होतो, सापडली नाही. तिथून शिकायचं ते हे, की दारातच वेगळं झालं तर पुढचा खर्च कमी होतो. मग जो दारात वेगळं करतो त्याला दरात सवलत का नको? पुणे महापालिका गांडूळखत प्रकल्प असलेल्या घरांना मालमत्ता करात सूट देते. तुमच्या व्यापारी संघटनेने नगरसेवकांकडे मागायचं ते हे: ओला कचरा स्वतः जिरवणाऱ्याला वेगळा, कमी दर, हंगामी धंद्याला हंगामापुरता दर, आणि लॉजला खोल्यांच्या संख्येवर दर. बहिष्काराच्या सभेला माणसं गोळा करण्यात जेवढी शक्ती जाईल तेवढ्यात ही तीन वाक्यं ठरावात येऊ शकतात.

आता तुम्ही या आठवड्यात काय करायचं ते. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहा, नोटिशीतली मुदत संपायच्या आत आवक-जावकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. तोंडी बोलणं कितीही गोड झालं तरी पोच सोडू नका. त्याच दिवशी माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मागायच्या गोष्टी: शुल्काचा ठराव व दरपत्रक, तुमची वर्गवारी ज्या पाहणीवरून झाली त्या पानाची प्रत, तुमच्या प्रभागातल्या घंटागाडीचं मागच्या तीन वर्षांचं लॉगबुक, आणि ठेकेदार असेल तर त्याचा कार्यादेश. लॉगबुकात गाडी तुमच्या आळीत कधीपासून आली ते दिसतं. कार्यादेशात किती गाड्या आणि आठवड्याचे किती दिवस ठरलेत तेही असतं, आणि गाडी एक दिवसाआड येत असेल तर तो कागद तुमच्या बाजूने बोलतो.

उत्तर यायची वाट बघत सगळेच पैसे अडवून ठेवू नका. जी रक्कम तुम्हाला स्वतःला मान्य आहे, म्हणजे वरच्या हिशेबाने ३,३०० च्या आसपास, ती भरा आणि सोबत पत्र द्या: 'उरलेल्या मागणीवरील हरकत कायम ठेवून भरणा करीत आहे.' पावती जपा. यामुळे परवाना किंवा एखादा दाखला अडवायला कारण उरत नाही आणि सुनावणीत तुम्ही पैसे बुडवणाऱ्या ठरत नाही. एखादा कर्मचारी म्हणाला की 'सगळं भरा, मग बघू', तर नम्रपणे सांगा की हे लेखी द्या.

राहिली भाची. तिच्याबाबत मला तुमच्याहून जास्त काळजी वाटते. रिकाम्या शहाळ्याचं वजन दीड किलो तरी भरतं. मेमध्ये दिवसाला शंभर विकली तर दीड क्विंटल कचरा. नियमांत दिवसाला १०० किलो किंवा त्याहून जास्त कचरा करणारा तो 'मोठा कचरा निर्माता', आणि त्याच्यावर आपल्या कचऱ्याची विल्हेवाट लावण्याची जास्त जबाबदारी येते. पाच फुटांच्या दुकानातली मुलगी भर हंगामात त्या आकड्याच्या वर जाते आणि बावीस खोल्यांचा लॉज कदाचित जात नाही. तिने आत्ताच तयारी करावी. शहाळं फेकण्याआधी कोयत्याने चार फाका करायच्या आणि घरामागे उन्हात पसरायच्या. मेच्या उन्हात दोन-तीन आठवड्यांत त्यातलं बहुतेक पाणी उडतं, वजन अगदी थोडं राहतं आणि सरपण म्हणून आंघोळीच्या बंबाला किंवा काजूच्या भट्टीला जातं. उरलेलं माडांच्या आळ्यात आच्छादन. फाका केल्याशिवाय ढीग ठेवू नये, पहिल्या पावसात त्यात पाणी साठतं आणि डासांची पैदास होते, त्याची नोटीस वेगळी येते. तिच्याकडे फेरीवाल्याचं प्रमाणपत्र असेल तर २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली ती जे शुल्क भरते त्यात कचऱ्याचं धरलंय का, ते शहर फेरीवाला समितीकडे विचारून घ्या. आणि तिलाही एक वही द्या: तारीख, किती शहाळी विकली, किती फाका वाळत घातल्या, गाडीला काय दिलं.